किल्लीवाल्या काकांचा नंबर

खुर्ची वहिनींनी स्वतः निवडली होती. पुढच्या दुकानात मापं द्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली, पाठीला उशी असलेली ती एकुलती एक खुर्ची. मागच्या कटिंगच्या खोलीत बाकी सगळ्यांसाठी लाकडी स्टुलं होती, गोलाकार मांडलेली. खुर्ची त्यांनी त्या गोलाच्या बाहेर, इस्त्रीच्या टेबलाला लागून ठेवली, आणि किल्लीवाले काका आत आले तेव्हा तिच्याकडे हात करून म्हणाल्या, “काका, आजपासून तुम्ही इथे. मस्त टेकून ऐका. फेरीचं टेन्शन घ्यायचं नाही.”

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. मग गोलाकडे पाहिलं. त्यांच्या नेहमीच्या जागी आता स्टूल नव्हतं. दोन्हीकडची माणसं सरकून बसली होती. त्यांनी मान डोलावली आणि खुर्चीत जाऊन बसले.

वहिनींना हायसं वाटलं. एक अवघड काम कुणाला न दुखावता पार पडलं, असं त्यांचं त्या क्षणी मत झालं.

त्या संध्याकाळी गाणी अशी धावली की विचारू नका. एकाचं संपतं न संपतं तोच दुसऱ्याचं सुरू. ड्रायव्हिंग शिकवणारे सर गिटार घेऊन बसले होते, त्यांच्या दोन विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी टाळ्या धरत होते, वहिनींची नणंद मांडीवरच्या डफावर थाप देत होती. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर वहिनींनी सहज मागे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. उशीला मध्ये खळगा पडलेला होता.

“पाणी प्यायला गेले असतील,” त्या पुटपुटल्या.

“चपला घालून?” नणंद म्हणाली. “गेले ते घरी. मी बघितलं.”

“सांगितलं नाही काही?”

“ते कधी सांगतात का काही?”

*

या बैठकीची रीत शिलाईच्या मशीनवरून आली होती. वहिनींच्या कारखान्यात सहा मशीन. गणवेशांचा मोसम असला की दिवसभर खडखडाट. त्यातून एखादीला गाणं सुचलं आणि तिने तोंड उघडलं की बाकीच्या पायपट्टीवरून पाय काढून घ्यायच्या. कुणी ठरवलं नव्हतं. खडखडाटात गाणं ऐकू येत नाही, एवढंच कारण. पुढे शुक्रवारी काम आटोपल्यावर कटिंगचं टेबल भिंतीला लावून सगळ्या बसू लागल्या. गल्लीतले चार लोक येऊ लागले. नणंद ‘वहिनी’ म्हणते म्हणून आलेला प्रत्येकजण त्यांना वहिनीच म्हणू लागला, वयाने वीस वर्षं मोठे असलेलेसुद्धा. रीत मात्र तीच राहिली. गोलात नंबर फिरतो. ज्याचा नंबर, त्याच्यासाठी सगळ्यांचे हात मांडीवर. त्याने गावं, वाजवावं, दुसऱ्याकडून म्हणवून घ्यावं. काही नको असेल तर ‘पुढे’ म्हणावं किंवा नुसता हात हलवावा. पण त्याचं होईपर्यंत कुणी तार छेडायची नाही, सुचवायचं नाही, घाई करायची नाही.

काका पहिल्यापासून ‘पुढे’ म्हणणारे. कोपऱ्यावर त्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान. नंबर आला की ते समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. बराच वेळ. मग हलकेच म्हणायचे, “पुढे.” लोकांना सवय झाली होती. काका विचार करतात, धीर गोळा करतात, आणि ऐनवेळी कच खातात, असं सगळ्यांनी आपापल्या मनात धरलं होतं. एक दिवस गातील, असं वहिनी म्हणायच्या.

मग सर आले. ते आले तेव्हा बैठक उतरणीला लागली होती, हेही खरं. सहासात टाळकी उरली होती, आणि तीही त्याच त्या गाण्यांना कंटाळलेली. सरांनी गिटार आणली, विद्यार्थी आणले, नणंदेला डफ धरायला शिकवलं. नणंद तर त्यांच्यावर एवढी खूश की घरात भांडी घासताना ताल धरायची. सरांना खुपायची ती फक्त काकांची शांतता. खुर्चीच्या आदल्या शुक्रवारी त्यांना राहवलं नाही. “काका,” ते म्हणाले, “चढावर गाडी अशी उभी केली ना, की मागे घसरते हो!”

हशा पिकला. काकाही हसले. वहिनीही हसल्या, आणि ते त्यांना आठवडाभर टोचत राहिलं. परत कुणी काकांना असं बोलू नये म्हणून तर त्यांनी खुर्ची काढली होती.

*

शनिवारी सकाळी त्या काकांच्या दुकानावर गेल्या. दुकान म्हणजे एका दाराएवढी रुंदी. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, मध्ये किल्ली कापायचं मशीन, मागे एक माणूस मावेल एवढी जागा.

“काल मध्येच उठून गेलात, काका. बरं वाटत नव्हतं का?”

काकांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून. चिमट्यात किल्ली बसवली, बटण दाबलं. मशीन किंचाळायला लागलं. आणि त्या आवाजात काका बोलू लागले. वहिनींना पुढे वाकावं लागलं. त्यांनी काकांच्या तोंडून एवढे शब्द एका दमात कधी ऐकले नव्हते.

“बरं होतं मला. पण मी ऐकायला येत नाही तुमच्याकडे. ऐकायला घरी रेडिओ आहे.”

“मग गायला...”

“छे. बेसूर आहे मी. गाणं मला जन्मात जमायचं नाही.”

एक बाई काउंटरशी आली. काकांनी मशीन बंद केलं. “दोन्ही झाल्या ना?” बाईने विचारलं. काकांचे ओठ मिटले, गालाचा स्नायू थरथरला, हनुवटी जरा वर गेली. वहिनींनी हा चेहरा दर शुक्रवारी पाहिला होता. “झाल्या ना, झाल्या,” बाईच म्हणाली, किल्ल्या उचलून चालू पडली. काकांनी मान हलवली तेव्हा ती रस्त्यावर पोचलीसुद्धा होती.



काकांनी पुन्हा बटण दाबलं. “मशीन चालू असलं की माझा आवाज मला ऐकू येत नाही. मग अडत नाही. लहानपणापासून असंच आहे. ‘प’ तर महाबेरकी. तोंडात येऊन बसतो आणि हलतच नाही.”

“म्हणजे तुम्ही जे इतका वेळ...”

“‘पुढे’ म्हणत असतो. दुसरं काय करत असणार?”

“पण काका, नुसता हात हलवला तरी चालतं की!”

“हात हलवून माझी सुटका होते. बोलणं होत नाही.” काकांनी किल्ली फिरवून दुसरी बाजू धरली. “घरी सून फार चांगली आहे. मी ‘पा’ म्हणेपर्यंत पाणी आणते. मला सांगायचं असतं, पाय दुखतोय. मग मी पाणी पितो.”

वहिनींना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं.

“हसा की,” काका म्हणाले. “मीही हसतो. पण तुमच्याकडे एवढी माणसं हात मांडीवर ठेवून बसतात, आणि माझा शब्द माझ्या तोंडातून कुणी काढून घेत नाही. आठवड्यातून एकदा मी एक शब्द चारचौघांत आपला आपण पुरा करतो. बस. तेवढ्यासाठी येतो.”

“आणि मी तुम्हाला उशीची खुर्ची दिली.”

“खुर्ची चांगली होती.”

टोमणा होता की दाद, ते वहिनींना कळलं नाही. “या शुक्रवारी या,” त्या म्हणाल्या. “तुमचं स्टूल जागेवर असेल. सरांनाही मी नीट समजावून सांगते, म्हणजे ते...”

काकांनी खाडकन मशीन बंद केलं. दुकानात एकदम शांतता झाली. “सांगू न...” ते म्हणाले, आणि अडले. वहिनींच्या जिभेवर शब्द तयार होता. त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटी वाजली, विरली.

“...का,” काका म्हणाले.

मग मशीन लावून पुढचं बोलले. “सांगितलंत तर सगळे थांबतील, मला माहीत आहे. पण मग ते माझ्या तोतरेपणासाठी थांबतील. आत्तापर्यंत माझ्यासाठी थांबत होते.”

वहिनींनी शब्द दिला. दिल्यावर, परत येताना रस्त्यात, त्यांना उमगलं की आपण कशात अडकलो आहोत.

*

शुक्रवारी सर वेळेआधीच आले. गिटारची पिशवी कटिंगच्या टेबलावर ठेवता ठेवता त्यांनी इस्त्रीजवळची रिकामी जागा हेरली.

“खुर्ची कुठे गेली, वहिनी?”

“दुकानात. जिथली तिथे.”

“मग काका?”

“गोलात. पहिल्यासारखे, तुमच्या उजव्या हाताला.”

सरांनी गिटार बाहेर काढली, पण मांडीवर घेतली नाही. “मागच्या वेळी कसली रंगली होती! तुम्हीच म्हणालात. आणि आज परत ब्रेक?”

“रीत आहे ती.”

“अहो, पण रीत कशासाठी असते? लोकांना गाता यावं म्हणून ना? ते गात नाहीत. मग अख्खी खोली भिंतीकडे बघत बसते. माझी पोरं मला विचारतात, सर, हे काय चाललंय?”

“त्यांना सांगा, काकांचा नंबर चाललाय.”

नणंद काजाच्या मशीनवर कापड झाकत होती. तिने वहिनींना कोपराने ढोसलं. “वहिनी, जरा नमतं घे की. एका माणसासाठी कशाला?”

“मला कारण सांगा,” सर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच वहिनींना जास्त जड गेलं. “एक कारण. आजारी आहेत का? काही झालंय का त्यांना? पटण्यासारखं असेल तर मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही.”

कारण वहिनींच्या ओठांवर होतं. तीनचार शब्दांत सांगून मोकळं होता आलं असतं. सरांचा चेहरा पडला असता, त्यांनी माफी मागितली असती, फेरी सुरळीत झाली असती. त्यांनी गळ्यातली इंची टेप काढली आणि बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली.

“कारण नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही?”

“त्यांचा नंबर असतो तेव्हा तो त्यांचा असतो. तुमचा असतो तेव्हा तुमचा. तुम्ही सात कडवी म्हणता, तेव्हा कुणी कारण विचारतं का?”

विद्यार्थिनींपैकी एक खुदकन हसली. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. “ठीक आहे,” ते म्हणाले. “मग सगळ्यांना विचारू. हात वर करून.”

“कुणाच्या नंबरावर हात वर करून ठरवायचं नाही.”

“मग आम्ही आमचं वेगळं बसू, वहिनी. माझ्या ऑफिसात जागा आहे. राग मानू नका.”

नणंदेने “अगं बाई” म्हणून तोंडाला पदर लावला. वहिनींना मागचा हिवाळा आठवला, सात स्टुलं आणि मधली मोठी रिकामी जागा. टेप बोटाला काचायला लागली होती.

“जायचं तर जा,” त्या म्हणाल्या. “आज बसणार असाल तर काकांचं झाल्याशिवाय तार वाजायची नाही.”

दारात चप्पल काढल्याचा आवाज झाला. काका उभे होते. त्यांनी किती ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. ते आत आले, आपल्या स्टुलावर बसले. क्षणभराने सरही त्यांच्या शेजारी बसले, गिटार मांडीवर आडवी घेऊन. जाणार की राहणार, हे अजून त्यांच्या चेहऱ्यावर ठरलेलं नव्हतं.

*

फेरी सुरू झाली, पण खोलीचा सूर बिघडलेला होता. भांडण कशावरून आहे हे उशिरा आलेल्यांनाही वासाने कळल्यासारखं झालं होतं. वहिनींनी पहिलं म्हटलं, एक कडवं गाळून. नणंदेचा ताल दोनदा चुकला. नंबर एकेक स्टूल सरकत गेला, आणि जसजसा तो काकांच्या जवळ येत गेला तसतसे लोक गाणाऱ्याकडे न बघता काकांकडे बघू लागले. वहिनींना ते दिसत होतं. काकांसाठी आजवरची सगळ्यांत वाईट वेळ आपणच आणली, असं त्यांना वाटलं.

काकांच्या आधीच्या बाईंचं गाणं संपलं. हात मांडीवर आले.

काका भिंतीकडे बघत होते. ओठ मिटले. गालाचा स्नायू हलला. आता माहीत असल्यामुळे वहिनींना सगळं दिसत होतं. शब्द कुठे येऊन थांबलाय, कसा मागे जातोय, पुन्हा कसा येतोय. आज तो नेहमीपेक्षा जास्त वेळ अडला होता. वरच्या पंख्याची एक पाती खरखरत होती. कुणीतरी खाकरलं. एका विद्यार्थिनीने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. काकांचा कान लाल झाला.

“पुढे!” सर मोठ्याने म्हणाले. “पुढेच ना, काका? चला.” आणि त्यांनी तारांवर हात मारला. विद्यार्थ्यांनी सवयीने टाळी धरली, नणंदेचा डफ सुरू झाला, दोनचार जणांनी धृपदही उचललं.

“थांबा.”

त्या खोलीत आजवर चालू गाणं कुणी थांबवलं नव्हतं. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. डफ थांबला, टाळ्या एकेक करून विरल्या, शेवटी गिटार.

“त्यांचं झालेलं नाही,” वहिनी म्हणाल्या.

“अहो, मीच म्हटलं की त्यांच्या वतीने!”

“तुम्ही म्हटलंत. त्यांनी नाही.”

सर उठले. गिटारचा पट्टा खांद्यावरून काढू लागले. “हे फार झालं, वहिनी. मदत केली तर त्याचाही गुन्हा.” त्यांचा विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनीही उठली. विद्यार्थिनीने पिशवी काखोटीला मारली.

“स...” काका म्हणाले.

सगळे वळले. काका भिंतीकडे बघत नव्हते. ते मान वर करून सरांकडे बघत होते.

“सर. तुम्ही... शि... शिकाऊ माणसाच्या हातातून... स्टिअरिंग... ओ... ओढून घेता का?”

वाक्य यायला बराच वेळ लागला. खोलीत कुणी हललं नाही. सरांचा हात पट्ट्यावर राहिला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत गेला आणि त्याजागी काय ठेवावं हे त्यांना सुचेना. पण ते खोटं बोलणारे नव्हते.

“घेतो,” ते म्हणाले. “ठोकणार असेल तर घेतो. घ्यावंच लागतं.”

काकांनी त्यावर विचार केला. “आत्ता... ठो... ठोकणार होती?”

नणंदेच्या तोंडातून फस्सकन हसू फुटलं आणि तिने लगेच डफ तोंडासमोर धरला. सरांनी तिच्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, मग खाली.

“नाही,” ते म्हणाले. “रस्ता मोकळा होता.”

“मग ब... बसा.”

सर बसले. उभ्या राहिलेल्या विद्यार्थिनीला काय करावं कळेना. तिने सरांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, “मला उशीर होतोय” म्हणाली आणि गेली. तिच्या पाठोपाठ विद्यार्थीही गेला. बाहेरचं दार दोनदा वाजलं. वहिनी अजून उभ्याच होत्या. मग त्याही खाली टेकल्या.

हात मांडीवर आले. पंखा खरखरत राहिला. काका पुन्हा भिंतीकडे बघू लागले. ओठ मिटले, उघडले, मिटले. समोरच्या बाईंनी डोळे झाकून घेतले होते, जणू त्यांच्याच तोंडात शब्द अडला होता.

“पुढे,” काका म्हणाले.

पुढचा नंबर सरांचा. त्यांनी गिटार सरळ केली, एक खुंटी पिळली, परत सैल केली. ठरवून आणलेलं गाणं होतं त्यांच्याकडे. आठवडाभर विद्यार्थ्यांकडून घोटून घेतलेलं. ते काकांकडे वळले.

“काका, काय वाजवू?”

विचारून झाल्यावर त्यांनी पंजा तारांवर पालथा ठेवला. काकांच्या कपाळावर आठी पडली. आणखी शब्दांचा हा जास्तीचा खर्च त्यांनी धरलेला नव्हता. बराच वेळ गेल्यावर त्यांनी एका फार जुन्या गाण्याचं नाव घेतलं, नावाडी वल्ही मारताना म्हणतात तसल्या. तुकड्या-तुकड्याने, पण पुरं.

“ते मला येत नाही,” सर म्हणाले.

“मला पहिली ओळ येते,” नणंद म्हणाली, “दुसरी नाही.”

“दुसरी माझ्याकडे आहे,” डोळे झाकलेल्या बाई म्हणाल्या. “चाल मात्र सांगता यायची नाही.”

सुरुवात झाली ती चुकीच्या पट्टीत. नणंदेने इतकं वर धरलं की धृपदाला निम्म्यांचे आवाज फाटले. सर सूर शोधत मागून धावत होते, सापडला की पुढच्या ओळीला पुन्हा हरवत होते. कडव्याचे शब्द कुणालाच नीट येत नव्हते, म्हणून तिथे सगळे गुणगुणले. वहिनींनी पाहिलं, काकांचे दोन्ही हात गुडघ्यावर ताल धरत होते, तोही बेतालच. दुसऱ्या कडव्यात गाणं सपशेल कोसळलं आणि सगळे एकदम हसत थांबले.

“परत,” सर म्हणाले, “खालच्या पट्टीत.” आणि परत सुरू झालं.